जनुके तीच, नोंद वेगळी : मातेचे पोषण आणि अधिजनुकशास्त्र

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या द्वारका उपनगरातील सेक्टर ८ मध्ये राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था आहे. १९७७ साली मलेरिया संशोधन केंद्र या नावाने सुरू झालेली ही संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अखत्यारीत काम करते. हिवतापाच्या परोपजीवींपैकी सर्वांत घातक मानला जाणारा प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम हा तिच्या अभ्यासविषयांपैकी एक होय. या एकपेशीय जीवाच्या अंगी एक विलक्षण कसब आहे. त्याच्याजवळ ‘व्हार’ या नावाने ओळखली जाणारी सुमारे ६० जनुके असतात. त्यांतील प्रत्येक जनुक रोग्याच्या तांबड्या रक्तपेशीच्या पृष्ठभागावर वेगळ्या घडणीचे प्रथिन मांडू शकते. परंतु एका वेळी त्यांपैकी एकच जनुक जागे असते, उरलेली निद्रिस्त ठेवली जातात. रोग्याच्या शरीराने त्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली की काही परोपजीवी ते जनुक मिटवून दुसरे उघडतात आणि आजार पुन्हा डोके वर काढतो.

या सर्व उलथापालथीत परोपजीवीच्या डीएनएमधील एकही अक्षर बदललेले नसते. बदलतात ते डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील रासायनिक खुणा. जनुकांचा मजकूर कायम ठेवून त्यांचे वाचन बदलणाऱ्या अशा यंत्रणेच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स किंवा मराठीत अधिजनुकशास्त्र असे म्हणतात. ही यंत्रणा केवळ परोपजीवीपुरती मर्यादित नाही. मनुष्याच्या प्रत्येक पेशीत ती आहे, आणि मातेच्या ताटातील अन्नाचा तिच्याशी संबंध असावा असे मानण्यास सबळ कारणे आहेत. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील हा विषय अर्थशास्त्राच्या व विकास प्रशासनाच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा तो याच कारणासाठी.

सातबारावरील बोजा

मनुष्याच्या एका पेशीतील डीएनए सरळ केल्यास त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. तो पेशीकेंद्रकात मावतो, कारण हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या रिळाभोवती सुमारे १४७ अक्षरांचा एकेक वेढा देत त्याची घट्ट गुंडाळी झालेली असते. यकृताची पेशी आणि मेंदूतील पेशी यांच्यातील डीएनए एकच असतो. तरीही एक पित्त बनवते आणि दुसरी संदेश वाहून नेते, कारण दोहोंत वेगवेगळी जनुके उघडी व वेगवेगळी बंद असतात.

हे उघडणे-मिटणे प्रामुख्याने दोन प्रकारच्या खुणांनी होते. पहिली खूण डीएनएवरच लागते. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा मिळून बनलेला मिथाइल गट सायटोसिन या अक्षरास चिकटतो. ज्या सायटोसिननंतर लगेच ग्वानिन येते अशा जागी हे बहुधा घडते. मानवी जनुकसंचात अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत आणि सामान्य पेशीत त्यांपैकी ७० ते ८० टक्के जागांवर मिथाइल गट असतो. जनुकाच्या आरंभस्थानापाशी अशा खुणा दाटल्या की ते जनुक सहसा शांत राहते. दुसरी खूण हिस्टोन प्रथिनांच्या बाहेर डोकावणाऱ्या शेपट्यांवर लागते. तेथे अॅसिटाइल गट लागला की गुंडाळी सैल होऊन जनुक वाचता येते. विशिष्ट ठिकाणी मिथाइल गट लागल्यास ती आवळली जाते किंवा सैलही होते, हे ठिकाणावर अवलंबून असते. या खुणा लिहिणारी, पुसणारी आणि वाचणारी निरनिराळी प्रथिने पेशीत असतात. पेशीचे विभाजन होताना डीएनएवरील मिथाइल खुणांची नक्कलही नव्या पेशीत उतरवली जाते. म्हणूनच यकृताची पेशी विभागली असता तिच्यापासून यकृताचीच पेशी होते.

ग्रामीण महाराष्ट्रातील वाचकास हे सातबाराच्या उताऱ्यावरून चटकन समजेल. उताऱ्यावर जमिनीचा गट क्रमांक आणि क्षेत्र तेच राहते. पण ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढला की त्या जमिनीचा व्यवहार अडतो. कर्ज फिटले की नोंद कमी होते आणि जमीन मोकळी होते. जमीन बदललेली नसते, तिच्यावरची नोंद बदललेली असते. मिथाइल गट ही अशीच एक नोंद होय. उत्परिवर्तन मात्र वेगळे. तेथे जमिनीची हद्दच सरकते. परीक्षेत या दोहोंची गल्लत अनेकदा होते म्हणून हा भेद पक्का ध्यानी ठेवावा.

‘एपिजेनेटिक्स’ ही संज्ञा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली रूढ केली. त्या वेळी डीएनएची रचनाही ज्ञात नव्हती. त्यामुळे त्यांचा अर्थ आजच्यापेक्षा व्यापक, म्हणजे भ्रूणाच्या घडणीत जनुके व परिस्थिती यांचा परस्परव्यवहार असा होता. मिथाइल गटाच्या खुणा पेशीच्या पिढ्यांमधून टिकून जनुकांचे नियमन करत असाव्यात, ही कल्पना १९७५ साली मांडली गेली. आज या ज्ञानाचा औषधोपचारातही वापर होतो. मिथाइल खुणा कमी करणारे अॅझासायटिडीन हे औषध रक्तनिर्मितीच्या एका गंभीर विकारावर वापरण्यास अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. परंतु विकासाच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. या खुणांसाठी लागणारा मिथाइल गट शरीरात येतो कोठून?

अन्नातून जनुकाकडे

तो अन्नातून येतो. फॉलिक आम्ल, बी-१२ जीवनसत्त्व, कोलीन आणि मेथिओनीन हे अमिनो आम्ल यांच्या साहाय्याने शरीरात एक चक्र चालते. त्यातून मिथाइल गट तयार होतो आणि डीएनएपर्यंत पोहोचवला जातो. फॉलिक आम्ल पालेभाज्या व डाळींतून मिळते. बी-१२ मात्र वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते, ते दूध, अंडी, मांस व मासे यांतूनच यावे लागते. चक्राचा एक आरा मोडला तर इतर आरे असूनही त्याची गती मंदावते.

अन्नामुळे जनुकांचे वाचन बदलते याचा ठळक पुरावा प्राण्यांत मिळाला. मधमाशीच्या पोळ्यात राणी आणि कामकरी माशी यांच्या जनुकसंचात फरक नसतो. अळीला कोणते अन्न मिळाले यावर ती काय होणार हे ठरते. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अळ्यांमधील मिथाइल खूण लिहिणारे एक जनुक निष्प्रभ केले, तेव्हा शाही अन्न न देताही बहुसंख्य अळ्यांच्या राण्या झाल्या. त्याआधी २००३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट वॉटरलँड आणि रँडी जर्टल यांनी उंदरांवर प्रयोग केला होता. एका विशिष्ट वाणाच्या उंदरांत ‘अगूटी’ जनुक सतत उघडे राहिल्यास पिल्ले पिवळी व स्थूल होतात आणि मधुमेहाकडे झुकतात. माद्यांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल, बी-१२, कोलीन व बीटाइन दिले असता त्यांची अधिक पिल्ले तपकिरी निपजली, कारण त्या जनुकावर मिथाइल गटांची नोंद चढली होती. येथे ‘गर्भधारणेपूर्वीपासून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे परत यावे लागेल.

मनुष्यावर असे प्रयोग करता येत नाहीत. इतिहासाने मात्र एक प्रयोग केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन फौजांनी नेदरलँड्सच्या पश्चिम भागातील अन्नपुरवठा तोडला. शिधा दररोज हजार उष्मांकांच्याही खाली गेला आणि मे १९४५ मध्ये मुक्तता होईपर्यंत लोकांची उपासमार झाली. ही आपत्ती थोड्या काळाची होती आणि जन्मनोंदी चोख होत्या. त्यामुळे कोणत्या बालकाच्या वाट्याला गर्भावस्थेच्या कोणत्या महिन्यात उपासमार आली हे सांगता येते. बास्तियान हायमान्स व एल. एच. लुमे यांच्या चमूने २००८ साली त्यांपैकी ६० व्यक्तींचे रक्त तपासले आणि त्यांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली. ज्यांची गर्भधारणा दुष्काळात झाली होती, त्यांच्या वाढीशी संबंधित ‘आयजीएफ-२’ या जनुकावरील मिथाइल खुणा सहा दशकांनंतरही कमी आढळल्या. गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांत तसा फरक दिसला नाही.

याचे कारण भ्रूणाच्या पहिल्या दिवसांत आहे. फलन झाल्यानंतर आई-वडिलांकडून आलेल्या बहुतेक मिथाइल खुणा पुसल्या जातात आणि गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास नव्याने लिहिल्या जातात. वही कोरी होऊन पुन्हा भरली जाते, आणि नेमक्या त्या वेळी शाई पातळ असेल तर अक्षर पुसट उमटते. मात्र डच अभ्यासातील फरक सरासरीने सुमारे पाच टक्क्यांचा होता, हेही विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवावे. वृत्तपत्री लेखांत तो पाचपट असल्यासारखा रंगवला जातो.

दिल्लीचे तरुण, पुण्याची बालके

भारतात हा प्रश्न दुष्काळाच्या नव्हे, तर मधुमेहाच्या वाटेने आला. दक्षिण दिल्लीतील एका वस्तीत १९६९ पासून जन्मलेल्या हजारो बालकांच्या वजन-उंचीच्या नोंदी ठेवण्यात आल्या होत्या. डॉ. संतोष भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी १,४९२ जणांना वयाच्या २६ ते ३२ व्या वर्षी पुन्हा तपासले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, ज्यांना तरुणपणी मधुमेह झाला किंवा त्याची पूर्वस्थिती आढळली ते बालपणी स्थूल नव्हते. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत ते सडपातळ होते आणि त्यानंतर बारा वर्षांपर्यंत त्यांचे वजन इतरांपेक्षा वेगाने वाढत गेले.

ही बालके जन्मतःच कशी होती, याचे उत्तर पुण्यात शोधले गेले. के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांसह १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत माता-पोषण अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीच नोंद घेऊन त्यांचा आहार, श्रम आणि पुढे त्यांची बालके यांचा पाठपुरावा करणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय. या मातांचे सरासरी वजन ४२ किलोच्या जवळपास आणि उंची १५२ सेंटिमीटर होती. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनच्या बालकांचे ते ३.५ किलो होते.

येथवर नवल नाही. नवल पुढे आहे. पुण्याच्या बालकांचे स्नायू आणि पोटातील अवयव साउदॅम्प्टनच्या बालकांच्या तुलनेत फार लहान होते, पण पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र बव्हंशी राखली गेली होती. वजनाने हडकुळे आणि घडणीने मेदयुक्त असे हे बालक होते. ही घडण प्रौढपणीही टिकते याचे एक बोलके उदाहरण स्वतः डॉ. याज्ञिक यांनी त्यांचे ब्रिटिश सहकारी प्रा. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली छायाचित्रासह प्रसिद्ध केले. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३ हा एकच होता. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले.

मातांच्या आहाराविषयीचे निष्कर्षही रूढ समजुतीस धक्का देणारे ठरले. आईने एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने घेतली याचा बालकाच्या आकारमानाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. शेतातील व पाणी वाहण्याच्या कष्टांचाही परिणाम नोंदवला गेला. पोट भरणे आणि पोषण होणे यांतील अंतर मोजून दाखवणारा हा अभ्यास आहे. घरात म्हैस असणे आणि सुनेच्या पेल्यात दूध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी उभे राहिल्यास कळते.

रक्ततपासणीत सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळले. फॉलिक आम्लाची कमतरता मात्र जवळजवळ नव्हती. या भागात शाकाहार काही घरांत परंपरेने चालतो, तर काही घरांत खिशामुळे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, गर्भावस्थेत ज्या मातांच्या रक्तात फॉलिक आम्लाचे प्रमाण अधिक होते त्यांची मुले सहाव्या वर्षी अधिक मेदयुक्त होती. ज्यांच्यात फॉलिक आम्ल अधिक आणि बी-१२ कमी अशी विषम जोडी होती, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. मिथाइल गट पुरवणारे चक्र ज्या दोन आऱ्यांवर फिरते त्यांतील एक आखूड आणि एक लांब असल्यास काय होते, याचे हे सूचन मानता येईल. या मुलांच्या डीएनएवरील खुणांचा शोध हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने पुण्याच्या सहकार्याने घेतला असून, बी-१२ दिल्याने मधुमेहाशी निगडित काही जनुकांवरील मिथाइल खुणा बदलतात असे २०१८ साली नोंदवले आहे.

याचा अर्थ फॉलिक आम्ल टाळावे असा नाही. मेंदू व मणक्याचे जन्मजात दोष रोखण्यात त्याचे स्थान निर्विवाद आहे. अर्थ इतकाच की, एकाच पोषकद्रव्याची गोळी वाटून समतोल आहाराची जागा भरून निघत नाही.

मुंबईचा प्रयोग आणि सावधगिरी

निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. गरीब घरात दूध कमी असते, तशाच आणखी दहा गोष्टी कमी असतात. त्यामुळे प्रयोगाची गरज होती. तो मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात डॉ. रमेश पोतदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सहा हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनवलेला खाऊ, तर दुसऱ्या गटास बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषणाच्या पदार्थांचा खाऊ गर्भधारणेपूर्वीपासून रोज देण्यात आला.

२०१४ साली निष्कर्ष आले तेव्हा एकूण बालकांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नव्हता. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्या मातांची बालके सरासरीने ४८ ग्रॅम अधिक वजनाची होती. हा लाभही मुख्यतः ज्यांचे स्वतःचे वजन बरे होते अशा मातांना झाला. अत्यंत कृश मातांच्या बालकांचे वजन वाढले नाही. मात्र गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण दुसऱ्या गटात १२.४ टक्के होते, ते खाऊ घेतलेल्या गटात ७.३ टक्के आढळले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या निष्कर्षावर थांबून विचार करावा. ज्यांना गरज सर्वाधिक त्यांना लाभ सर्वांत कमी, कारण वर्षानुवर्षांची तूट काही महिन्यांच्या पूरक आहाराने भरून निघत नाही. अनुदान वेळेवर पोहोचले तरी भांडवल आधीच झिजलेले असते.

अधिजनुकीय खुणांच्या बाबतीत उत्तर आणखी सावध आले. मुंबईतील ही मुले आणि आफ्रिकेतील गॅम्बिया देशात झालेल्या तशाच प्रयोगातील मुले यांच्या डीएनएची तुलना २०२० साली प्रसिद्ध झाली. गॅम्बियाच्या मुलांत काही जागांवर मिथाइल खुणा बदललेल्या आढळल्या. मुंबईच्या मुलांत उल्लेखनीय फरक सापडला नाही. दोन्ही देशांतील आहार, वांशिक पार्श्वभूमी आणि दिलेली पोषकद्रव्ये वेगळी होती. शिवाय असे अभ्यास रक्तावर केले जातात, तर मधुमेहाचा संबंध यकृत, स्नायू व स्वादुपिंडाशी आहे, आणि प्रत्येक अवयवाची नोंदवही निराळी असते. आहार, खुणा आणि आजार या साखळीतील मधला दुवा मनुष्यात अद्याप पूर्णपणे सिद्ध झालेला नाही, असे लिहिणे हेच उत्तरपत्रिकेत अचूक ठरेल.

आणखी एका गैरसमजाची दखल येथे घ्यावयास हवी. पूर्वजांची उपासमार पिढ्यानुपिढ्या रक्तात उतरते, अमुक समाजाच्या जनुकांवर दारिद्र्य कायमचे कोरले गेले आहे, अशी विधाने हल्ली सहजपणे केली जातात. गर्भवती स्त्री उपाशी असते तेव्हा तीन पिढ्या एकाच वेळी उपाशी असतात. ती स्वतः, पोटातील मुलगी, आणि त्या मुलीच्या अंडाशयात जन्मापूर्वीच तयार होणाऱ्या बीजपेशींच्या रूपाने तिची भावी नातवंडे. म्हणून नातवंडांत दिसणारा परिणाम हा प्रत्यक्ष संपर्काचा असू शकतो, त्यासाठी वारशाची गरज नाही. त्यापुढील पिढ्यांपर्यंत खुणा टिकतात याचा मनुष्यातील पुरावा दुर्बळ आहे, कारण दर पिढीत बहुतेक खुणा पुसल्या जातात. ज्या शास्त्राचा मूळ संदेश खुणा बदलू शकतात असा आहे, त्याच्या नावाने नवा दैववाद रूढ व्हावा हे विपरीत आहे.

योजनांचे वेळापत्रक

आता गर्भधारणेपूर्वी या शब्दाकडे परत यावयाचे. उंदरांवरील प्रयोग, डच दुष्काळ आणि मुंबईतील निष्कर्ष या तिन्हींचा रोख एकाच काळाकडे, म्हणजे गर्भधारणेच्या आगेमागे असलेल्या काही आठवड्यांकडे आहे. मेंदू व मणक्याचा पाया ज्या नलिकेतून होतो ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. अनेक स्त्रियांना तोवर आपण गरोदर असल्याचे कळलेलेही नसते.

भारतातील माता-पोषणाच्या योजना मात्र गरोदरपणाच्या नोंदणीपासून सुरू होतात. १९७५ साली आरंभलेली एकात्मिक बालविकास सेवा योजना गर्भवती व स्तनदा मातांना पूरक आहार देते. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, आणि त्यासाठीही आधी गरोदरपणाची नोंद व्हावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण ७० टक्के होते. आधीच्या फेरीतील सुमारे ५९ टक्क्यांवरून झालेली ही वाढ प्रशंसनीय आहे. परंतु पहिली तिमाही म्हणजे बारा आठवडे, आणि ज्या खिडकीचा येथे विचार आहे ती तोवर मिटलेली असते. त्याच फेरीत लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या १८० दिवस घेतलेल्या माता २६ टक्के होत्या, तर १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलगी विवाहापूर्वीच तूट घेऊन चालते, असा या दोन आकड्यांचा एकत्रित अर्थ निघतो.

यावर काही पावले पडली आहेत. किशोरवयीनांना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची गोळी देण्याचा कार्यक्रम २०१३ च्या सुमारास देशभर नेण्यात आला. २०१८ च्या रक्तक्षयमुक्त भारत मोहिमेने २० ते ४९ वयाच्या स्त्रियांनाही त्यात घेतले. या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते. पुण्याच्या निष्कर्षाकडे पाहता ही त्रुटी गंभीर आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या पोषणवर्धित तांदळाच्या कार्यक्रमात लोह व फॉलिक आम्लासोबत बी-१२ चा समावेश केला गेला, हा त्या दृष्टीने वेगळा विचार होता.

खर्चाची बाजू विरोधी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख प्रौढांना मधुमेह आहे. त्यांतील मोठा भाग अशा लोकांचा आहे, ज्यांचे आईवडील खेड्यात राबले आणि जे स्वतः द्वारकेसारख्या उपनगरांतील सदनिकांत बसून काम करतात. टंचाईच्या हिशेबाने घडलेले शरीर मुबलकतेत आले की आजाराचा धोका वाढतो. एका रुग्णाच्या आयुष्यभराच्या औषधांपुढे किशोरवयातील रोजच्या पेलाभर दुधाचा खर्च किरकोळ आहे. फक्त पहिला खर्च घर व इस्पितळ सोसते, दुसरा अंदाजपत्रकात दाखवावा लागतो.

पुण्याच्या त्या सहा खेड्यांत १९९३ नंतर जन्मलेली बालके मोठी झाली तेव्हा संशोधकांनी प्रयोगाची दुसरी पिढी हाती घेतली. किशोरवयातच त्यांना दररोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, एका गटास त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, आणि एका गटास तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. हा क्रम त्यांचे पहिले मूल जन्मेपर्यंत चालला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार बी-१२ मिळालेल्या मातांच्या मुलांचा दोन वर्षांच्या वयातील बौद्धिक विकास काही बाबतींत सरस आढळला. मुलांची संख्या लहान आहे, हे मान्य करूनही प्रयोगाची दिशा स्पष्ट दिसते.

अंगणवाडीच्या नोंदवहीत मात्र अद्याप एक जागा मोकळी आहे. किशोरी योजनेचा पूरक आहार आता १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी असून तोही आकांक्षित जिल्हे आणि ईशान्येकडील राज्ये यांपुरता आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, विवाह होऊन सासरी आलेल्या आणि अजून दिवस न गेलेल्या मुलीला आठवड्याची गोळी मिळू शकते, आहार मिळत नाही. तिचे नाव त्या वहीत चढते ते गर्भ राहिल्याची नोंद झाल्यानंतर, म्हणजे बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या महिन्यात.